जुन्या ढंगातली नवी गाणी

कुणीतरी लिहिलंय की नवं गाणं जुन्या जॅझच्या ढंगात वाजवणं म्हणजे नुसता गिमिक. मला नाही पटत बुवा. पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स या नवी गाणी जुन्या ढंगात वाजवणाऱ्या ग्रुपचं 'क्रीप' ऐका एकदा, रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं १९९२ चं गाणं, हेली राइनहार्टनी २०१५ मध्ये असं काही गायलंय की मूळ गाणंच नंतर आलं असं वाटतं. हा ग्रुप सुरू करणारा स्कॉट ब्रॅडली सुरवातीला घरातच एक कॅमेरा लावून सगळं लाइव्ह शूट करायचा म्हणे, तो कच्चेपणाच तर मजा आणतो.

आणि आमच्याकडे भुसावळला वरातीत बँडवाले दुसरं काय करतात? कालचं हिट गाणं क्लॅरिनेटवर घेतलं की ते आपोआप पन्नास वर्षं जुनं वाटतं, मधेच अहिराणी गाण्याचा ठेका घुसवला की म्हातारे पण नाचतात, नवरदेव घोड्यावर ताटकळतो तो वेगळाच.