सवाईला पहिल्यांदाच, आईला घेऊन. सल्ला हवाय (शनि-रवि, बजेट चार हजार)

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरात आईला सवाईला, म्हणजे पुण्याच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला, न्यायचं ठरवलंय. ती लग्नाआधी एकदा मामाबरोबर आली होती, रात्रभर बसून पहाटे भीमसेनजींना ऐकून गेली, तेव्हापासून दर डिसेंबरला घरात तीच कथा असते. मी स्वतः कधीच गेलेली नाही, मला फक्त यमन राग ओळखता येतो आणि तोही दहातल्या सात वेळा. आई ६७ वर्षांची आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, जिना चढते पण मांडी घालून फार वेळ बसवत नाही. शनिवार-रविवार एवढंच जमेल. तर खुर्चीचं तिकीट काढू की भारतीय बैठकीचं? रात्री पुण्यात राहायचं की साताऱ्याला परतायचं? थंडी आणि खाण्याचं काय करता तुम्ही लोक? बजेट दोघींचं सगळं धरून चार हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही, म्हणून प्लीज त्यातच सांगा.

जवारीदार
ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, आता जे होतं ते सवाई नव्हे. आम्ही रेणुका स्वरूपच्या मैदानापासूनचे श्रोते, मग रमणबाग, आणि २०१८ पासून हे मुकुंदनगर. रमणबागेत कार्यक्रम संपला की चालत घरी, वाटेत चहा, चहावर भांडणं, ती मजा गेली. २००७ ला ५५व्या महोत्सवात भीमसेनजी शेवटचं गायले तेव्हा मी बैठकीत चौथ्या रांगेत होतो, शेजारचा अनोळखी माणूस रडत होता आणि मीही. असो. तुम्ही सोफ्याचं सीझन तिकीट काढा, आईंना त्रास नको.

सातारी_कंदी
काका, सोफ्याचं सीझन तिकीट माझ्या बजेटात कसं बसेल? आणि दोनच दिवस येतोय आम्ही.

जवारीदार
एकदाच येताय ना, मग पैशाकडे काय बघायचं.

खुर्चीवाली_मावशी
खुर्चीच घे गं. माझे दोन्ही गुडघे बदललेत, मी अनुभवाने सांगते. बैठकीत पहिला तास छान वाटतं, दुसऱ्या तासाला पाय कुठे ठेवू हा एकच राग चालू असतो. आणि उठायचं म्हटलं की दहा जणांना हलवावं लागतं, समोर विलंबित ख्याल रंगात आलेला असतो आणि सगळे तुझ्याकडे असे बघतात की जणू तूच सम चुकवलीस. मी गेल्या वर्षी स्वारगेटजवळ हॉटेल घेतलं होतं, रात्रीचे ३२०० पडले, गरम पाणी सकाळी नऊला आलं. पण हॉटेल घेच. रात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन प्रवास नको.

फोमोग्रस्त
मी मोठ्या फेस्टिव्हल्सना भरपूर गेलोय त्यामुळे सांगतो, आधी स्टेजचा मॅप डाउनलोड करून ठेवा, कुठला आर्टिस्ट कुठल्या स्टेजवर ते मार्क करा, दोन सेट एकाच वेळी आले तर काय सोडायचं ते आधीच ठरवा. इअरप्लग्ज मस्ट. गमबूट असतील तर उत्तम, माझे नवे पांढरे शूज एकदा चिखलात कायमचे गेलेत.

वातकुक्कुट
अरे बाबा, सवाईला स्टेज एकच असतं. एका वेळी एकच कलाकार. आणि डिसेंबरात पुण्यात कसला चिखल.

फोमोग्रस्त
ओके मग गमबूट नको. इअरप्लग्ज तरीही घ्या.

खुर्चीवाली_मावशी
इअरप्लग घालून गाणं ऐकायचं?? काय दिवस आलेत.

वातकुक्कुट
आता कामाचं बोलतो. मी नऊ वर्षं नेमाने जातोय.
मंडप वरून बंद असला तरी बाजूने मोकळा असतो. चारला जाल तेव्हा ऊन असतं, माणूस स्वेटर घरी ठेवून येतो आणि आठनंतर जमिनीतून गारठा चढायला लागतो. माझ्या पहिल्या वर्षी मी झब्ब्यावर गेलो होतो, पुढचे चार दिवस घरात माझाच खर्ज चालू होता. शाल दोन घ्या, एक पांघरायला, एक खाली. कानटोपी घ्या, दिसण्याचा विचार करू नका. बैठकीत बसणार असाल तर सतरंजी पातळच असते, त्यामुळे आपलं बसकर हवंच, आणि पाठ टेकायची घडीची आसनखुर्ची मिळते ती. स्पीकरच्या खांबासमोर बसू नका, जागा रिकामी दिसली म्हणून लोक तिथे जातात आणि मग तबला छातीत वाजतो. मधोमधपेक्षा कडेची जागा बरी, उठता येतं. टॉयलेटला दोन कलाकारांच्या मधे जाऊ नका, तेव्हा सगळं पुणं तिथेच असतं. पुढचा कलाकार तंबोरे लावायला बसला की उठायचं, आलाप सुरू व्हायच्या आत परत.

मध्यलय
+१, शाल. मागच्याच वर्षी विसरले, शेजारच्या आजींनी अर्धी दिली. आम्ही अजून व्हॉट्सअ‍ॅपवर आहोत.

पेठकरी
शाल महत्त्वाची. हे कुणीच सांगितलं नाही अजून.

वातकुक्कुट
वर दोनदा सांगितलंय.

नियमावली
वेळेबद्दल लिहितो, कारण आईंच्या डोक्यात रात्रभराचं सवाई असेल. ते आता होत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं आणि त्यातले बरेच गणपती-नवरात्रातच संपतात. म्हणून सवाईला सहसा शनिवारी १२ पर्यंत चालतं, बाकी दिवशी १० ला बंद. रविवारी दुपारीच सुरू होतं. वेळापत्रक आल्यावर बघून घ्याच.

जवारीदार
आणि या दहाच्या नियमाने रागांचं काय झालं ते कोण बोलणार? प्रत्येक रागाची वेळ ठरलेली असते. दुपारी बसलात की मुलतानी, भीमपलास, मधुवंती, मग मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन, बागेश्री, की झोपा. दरबारी, मालकंस निवांत ऐकायला मिळत नाही आणि ललत, तोडी, भैरव तर मंडपातून हद्दपारच झाले. पहाटे थंडीत ललत ऐकणं म्हणजे काय हे या पिढीला कळणारच नाही.

मध्यलय
काका, मुलतानी आणि मारवा प्रत्यक्ष ऐकायला मिळतात हे काय कमी आहे? पूर्वी रात्री सुरू व्हायचं तेव्हा दुपारचे राग कोण गात होतं? पाचच्या सुमारास मंडपात तिरकं ऊन येतं आणि कुणीतरी मुलतानी लावतं, मला तर तेच सवाई वाटतं.

जवारीदार
तुम्ही पहाट पाहिलेली नाही एवढंच म्हणेन.

मध्यलय
दर वेळी हेच म्हणता.

पेठकरी
खाण्याचं सांगतो. आत स्टॉल असतात, चहा, वडे, भजी, पोहे सगळं मिळतं, दर मात्र उत्सवी. आमच्या ग्रुपमधले दोघे पाच दिवस स्टॉलपाशीच असतात, गाणं त्यांना बाहेर स्पीकरवर ऐकू येतं म्हणे. मी वर्षानुवर्षं दशम्या आणि चटणी नेतो. फक्त फरसाण नेऊ नका, कुरकुर आवाजाने मागच्या रांगेतल्या एका काकांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी तो घास पंधरा मिनिटं तोंडात धरून बसलो, झाला (वादनातला शेवटचा द्रुत भाग) संपेपर्यंत.

फोमोग्रस्त
काकांचं नाव जवारीदार होतं का 😂

जवारीदार
मी खाणाऱ्यांकडे बघत नाही. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांकडे बघतो.

सातारी_कंदी
हे छान चाललंय पण परतीचं कुणी सांगेल का? आम्ही साताऱ्याहून येणार, स्वारगेटला उतरणार.

खुर्चीवाली_मावशी
हॉटेल घे.

शिवथर_ते_पुणे
ताई मीपण सातारचाच, म्हणून सांगतो. स्वारगेटला उतरलात की मंडप फार लांब नाही, आईंना चालवत नसेल तर रिक्षा करा. परत येताना मात्र दहाला हजारो माणसं एकदम बाहेर पडतात आणि गेटसमोर रिक्षावाले मीटरचं नाव काढत नाहीत. थोडं पुढे चालून मुख्य रस्त्याला या, तिथे मिळते. स्वारगेटहून कोल्हापूर, सांगलीकडच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. पण चढायच्या आधी कंडक्टरला विचारा सातारा स्टँडात जाते का, काही गाड्या हायवेलाच बॉम्बे रेस्टॉरंट चौकात सोडतात. आणि झोपू नका. मी एकदा डोळे मिटून मनात तिहाई मोजत बसलो होतो, उघडले तेव्हा कराड आलं होतं.

वातकुक्कुट
हा खरा उपयोगी प्रतिसाद. पुण्यात कुणाकडे राहणार असाल तर मेट्रोही स्वारगेटपर्यंत आहे आता. कोथरूडकडे जायचं तर जिल्हा न्यायालयाला बदला. फक्त शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा, शनिवारी बारापर्यंत बसलात तर मेट्रो विसरा.

पेठकरी
गाडी आणू नका, पार्किंगला जागा शोधण्यात एक बडा ख्याल जातो. टू-व्हीलर लावलीत तर कुठे लावली त्याचा फोटो काढा. मी माझी गाडी एकदा रात्री साडेबारापर्यंत शोधत होतो आणि ती दुसऱ्याच गल्लीत होती.

मध्यलय
गाडीच नाहीये त्यांच्याकडे, एसटीने येतायत.
ताई, तुला राग कळत नाहीत याचं टेन्शन घेऊ नकोस. कलाकार बसल्यावर निवेदक सांगतात काय गाणार ते. मोबाइलमध्ये नाव लिहून ठेव, घरी गेल्यावर त्याच रागाचं दुसऱ्या कुणाचं ऐक, माझं सगळं शिक्षण असंच झालंय. आणि सगळंच ऐकलं पाहिजे असं अजिबात नाही. मधला एखादा कार्यक्रम सोडून बाहेर पाय मोकळे करा, जुन्या प्रकाशचित्रांचं प्रदर्शन असतं ते बघा. आईंना तिथे फार आवडेल. रविवारी शेवटपर्यंत थांबा, सगळं झाल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावतात, लोक उभे राहून ऐकतात.

नियमावली
सवाई गंधर्व हे भीमसेनजींचे गुरू, त्यांच्याच स्मृतीसाठी भीमसेनजींनी हा महोत्सव १९५३ ला सुरू केला. नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झालं ते भीमसेनजी २०११ ला गेल्यानंतर. धाग्यात सगळे नुसतं सवाई लिहितायत म्हणून.

पेठकरी
सगळं पुणं नुसतं सवाईच म्हणतं, तुम्ही एकटेच पूर्ण नाव घ्या.

खुर्चीवाली_मावशी
मग ठरलं का? शनिवार, खुर्ची, हॉटेल. सगळ्यांचं एकमत दिसतंय.

वातकुक्कुट
माझं मत खुर्ची, पण हॉटेल नको. चार हजारांत दोन दिवस खुर्ची + हॉटेल बसणारच नाही, कुणीतरी मूळ पोस्ट वाचा. शनिवार सोडा, फक्त रविवार करा, दुपारपासून भरपूर ऐकायला मिळतं.

जवारीदार
शनिवारीच बारापर्यंत असतं, तो सोडून रविवार? काहीही सल्ले देतात.

सातारी_कंदी
सगळ्यांचे खूप आभार. आईला सगळा धागा वाचून दाखवला. खुर्ची म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला. "खुर्चीवर बसून काय, सभा आहे का?" म्हणाली. तर दोन्ही दिवस भारतीय बैठक. शनिवारी बारापर्यंत बसणार आणि रात्रीच परत येणार, रविवारी परत जाणार. मला हे अजिबात पटलेलं नाही, नोंद असावी.

खुर्चीवाली_मावशी
गुडघ्याचं मलम घेऊन जा. मी सांगितलं नव्हतं म्हणू नकोस.

सातारी_कंदी
जाऊन आलो! शनिवारी वेळेत पोचलो, कडेची जागा मिळाली. आईने घरातलं आंघोळीचं बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल पिशवीतून आणलं होतं, मला आत गेल्यावर कळलं. सगळ्यात मागे खांबाला टेकून ती त्या स्टुलावर राणीसारखी बसली, मी खाली बसकरावर. नऊ वाजता पाय माझे गेले, तिचे नाही. शाल दोन नेल्या होत्या, दोन्ही तिनेच घेतल्या. रात्री स्वारगेटला पोचेपर्यंत एक वाजला, गाडी हायवेलाच सोडणारी मिळाली, नवऱ्याला उठवून बोलावलं, तो अजून त्याबद्दल बोलतोय. रविवारी प्रदर्शनात आईला एक जुना फोटो सापडला, मंडपातल्या गर्दीचा, आणि त्यात मामा आहे असं ती म्हणते. मला तो माणूस मामासारखा अजिबात वाटला नाही पण मी काही बोलले नाही. खर्च ३४००, त्यात चहाचेच बहुतेक चारशे. भैरवीच्या रेकॉर्डला थांबलो होतो.

जवारीदार
फोटो कुठल्या सालचा होता? रेणुका स्वरूपचा की रमणबागेचा?

सातारी_कंदी
काका, खाली वाचलं नाही मी. आई हलूच देईना तिथून.

मध्यलय
स्टूलची आयडिया भारी. किती उंचीचं होतं?

पेठकरी
शाल नेली होती का? थंडी होती या वेळी.