मदत हवी आहे: जोडवर्ग, १४ मुलं, ४ टॅब. कोडिंगची सुरुवात कशी करू?

रानजाई:
जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. लोकसहभागातून ४ टॅब मिळाले, वर्गात नेट नाही. स्क्रॅचज्युनिअर (ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचं, लहान मुलांचं कोडिंग ॲप) घातलंय. मुलं मांजर हवं तसं नाचवतात, पण "झाडापर्यंत ने" म्हटलं की अंदाजाने ठोकळे जोडत सुटतात. शिवाय चौथीला लॅपटॉपवर मराठी टायपिंग सुरू करायचंय. कुठून सुरुवात करावी?

खडूफळा:
मॅडम, आठवडाभर टॅब कपाटातच राहू द्या. फरशीवर खडूने ६ × ५ घरं आखा, एक घर साधारण ३० सेंमीचं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर बाण काढून पत्ते कापा, चारही दिशांचे ५-५. एक मूल मांजर, दुसरं पत्ते मांडणार, तिसरं वाचणार. सगळे पत्ते मांडून होईपर्यंत मांजराने हलायचं नाही, ही अट अजिबात सैल करू नका. अंदाजाने जोडण्याची सवय इथंच सुटते, कारण वाट आधी मनात चालून बघावी लागते. चुकलं तर रांग उधळू देऊ नका. पत्त्यांवर बोट ठेवत जायचं आणि जिथं पाऊल चुकलं तो एकच पत्ता बदलायचा.

बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो "डावीकडे वळ" म्हटल्यामुळे. स्क्रॅचज्युनिअरचा निळा बाण वळवत नाही, सरकवतो. उजवा बाण पडद्याच्या उजवीकडेच नेतो. म्हणून मांजर झालेल्या मुलाने कायम फळ्याकडे तोंड ठेवून खेकड्यासारखं आडवं सरकायचं. बाकीची मुलंही फळ्याकडे तोंड करूनच बसवा. मांजराच्या समोर बसली की त्यांचं डावं-उजवं उलटं होतं.

मग टॅब. वरचं जाळीचं बटण दाबलं की आडवी २० आणि उभी १५ घरं दिसतात. आता झाडापर्यंतची घरं मोजता येतात. फरशीवरचे ३ उजवे पत्ते म्हणजे इथं एकच ठोकळा. त्याच्या आकड्यावर टिचकी मारून ३ करायचे. वळणाच्या ठोकळ्यात १२ म्हणजे पूर्ण फेरी, ३ म्हणजे काटकोन. दुसरीला घड्याळ शिकवताना हे जरूर दाखवा, फार छान जुळतं.

रानजाई:
खेकड्याची युक्ती उद्याच करते. पण टॅबवरून ओढाओढ होते, आणि मुलं ॲपमधून बाहेर पडून फोटो काढत बसतात.

कंपासपेटी:
८ जण जोडीने टॅबवर, ६ जण फरशीवर. १५ मिनिटांनी अदलाबदल. दुसऱ्या फेरीत ३ टॅब पुरतात, चौथा चार्जिंगला लावा. जोडीत एकाने फक्त सांगायचं, दुसऱ्याने फक्त बोट चालवायचं. ५ मिनिटांनी थाळी वाजली की बदल. बाहेर पडू नयेत म्हणून सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत स्क्रीन पिनिंग (नव्या टॅबवर ॲप पिनिंग), म्हणजे पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवायची सोय, सुरू करा. सोडवताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू करा, नाहीतर मुलं दोन दिवसांत सोडवायला शिकतात.

जागा कमी पडली म्हणून ॲपचा डेटा पुसू नका. मुलांचं सगळं काम त्या टॅबवरच असतं, ते परत मिळत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब निम्म्या चार्जिंगवर बंद करून ठेवा.

अनुस्वार:
चौथीला इनस्क्रिप्टच (भारतीय लिप्यांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) द्या. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. च-छ, त-थ, प-फ तसंच. मुलांना वर्णमाला पाठ असते, म्हणून कळा पटकन सापडतात. आधी बिनशिफ्टचे, बिनमात्रेचे शब्द घ्या: कमल म्हणजे के, सी, एन.

पहिली वेलांटी शेवटी शिकवा. मुलं हाताने लिहिताना ती आधी काढतात, म्हणून कळही आधीच दाबतात आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. "कि" साठी आधी के, मग एफ. "बोलतो त्या क्रमाने दाब, लिहितो त्या नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं.