साबणाचे फुगे, घरच्या घरी

पाच-सहा मुलं घरात असताना रोज नवा खेळ कुठून आणायचा, असा प्रश्न पडतोच. साबणाचे मोठे फुगे करून बघा. 6 कप पाण्यात 1 कप भांड्यांचा लिक्विड साबण आणि 1 मोठा चमचा ग्लिसरीन हलक्या हाताने मिसळा. घुसळू नका, फेसामुळे फुगे फुटतात. रात्रभर झाकून ठेवलं तर उत्तम. दोन काड्यांना जाड सुती दोऱ्याचा फास बांधा. नायलॉन पाणी धरत नाही. भर दुपारी फुग्याचा पापुद्रा लगेच वाळतो, म्हणून सकाळीच उरका. प्रत्येकाला वेगळ्या पसरट वाडग्यात थोडंथोडंच द्या, नाहीतर एकाच्या धक्क्यात सगळ्यांचा खेळ संपतो (भांडणं वेगळीच). फरशीवर मात्र नको, पाय घसरतात.