पेल्यात न पडणारे कोळी
कोळी मोजण्यासाठी जमिनीत पुरलेल्या पेल्यांत ते फारसे पडले नाहीत म्हणून बागेत कोळी कमीच, हा निष्कर्ष पटला नाही. माळरानावर पेले उत्तम. आंबा-काजूच्या बागेत मात्र बरीच वस्ती फांद्यांवर असते. तिथे फांदीखाली उलटी छत्री धरून काठीने झोडपावं लागतं.

आणि छत्रीत पडलेली प्रत्येक लाल मुंगी मुंगीच असेल असं धरू नका! पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांच्या, म्हणजे हुमल्यांच्या, आसपास हुबेहूब तसाच दिसणारा एक उड्या मारणारा कोळी राहतो. पुढचे पाय मिशांसारखे हलवतो, पण मोजले तर पाय आठ भरतात, आणि डिवचला की चावायला न धावता धाग्यावरून खाली लोंबकळतो. हुमले काजूवरच्या ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीची शिकार करतात, त्यामुळे त्यांची गणती चोख हवीच.