मदत हवी आहे: दोन रडर, दोन सर्व्हो, डावा मध्यावर येत नाही

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. दीड मीटरची रिमोटवर चालणारी मॉडेल टगबोट, वजन 14 किलो, दोन रडर (सुकाणू), प्रत्येकाला वेगळा एमजी996आर सर्व्हो (रडर फिरवणारी छोटी मोटर), दोन्ही वाय-केबलने (एकाचे दोन फाटे करणारी वायर) रिसीव्हरच्या एकाच चॅनलवर. टेबलावर सगळं छान चालतं. तलावात मात्र फुल थ्रॉटलवर वळवलं की सर्व्हो थरथरतात, आणि स्टिक सोडल्यावर डावा रडर मध्यापासून चार-पाच अंश बाजूलाच राहतो. हॉर्न (सर्व्होच्या दातेरी शाफ्टवरचा दांडा) एक दात सरकवला, तर पार उलट्या बाजूला गेला. 25 दातांत एक दात म्हणजे 14 अंश! लिंकेज (सर्व्हो ते रडर जोडणी) हाताने मोकळं फिरतं, पाणी शिरलेलं नाही. वीज ईएससीतल्या (मुख्य मोटरचा वेग नियंत्रक) 5 व्होल्ट 3 अँपिअर बीईसीवरून (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) येते. हे सर्व्हो अडले की प्रत्येकी दोन-अडीच अँपिअर ओढतात, म्हणून माझा संशय तिथेच. रिसीव्हरवर दोन चॅनल मोकळे आहेत. आधी वेगळा 6 व्होल्टचा बीईसी लावू, की वाय-केबल काढून प्रत्येक सर्व्होला वेगळा चॅनल देऊन रिमोटमध्ये दोन्ही मिक्स करू (एकाच स्टिकवर जोडू)?