तानपुऱ्याच्या ॲपला मुलांच्या घराचा पत्ता कशाला हवा?

षड्जपंचम
मुलीच्या गाण्याच्या क्लासने या महिन्यापासून सगळ्यांना एक तानपुरा-तबल्याचं ॲप घ्यायला सांगितलंय. रियाज किती झाला याची नोंद त्यातून थेट बाईंकडे जाते. कल्पना चांगली आहे, बाईंबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ॲप पट्टी विचारतं, ताल विचारतं, मायक्रोफोन मागतं आणि मग लोकेशन मागतं. 'नाही' म्हटलं की पुढचं पानच उघडत नाही. क्लासच्या ग्रुपवर विषय काढला तर बहुतेक पालकांचं उत्तर एकच: "देऊन टाका हो, सगळीच ॲप्स मागतात."

मला हे पटत नाही. सूर तपासायचा तर आवाज ऐकावा लागेल, म्हणून मायक्रोफोन समजू शकते. पण काळी दोन पट्टीचा तानपुरा लावायला मूल कुठल्या इमारतीत बसलंय हे कशाला कळायला हवं?

'फक्त ॲप वापरताना' एवढीच परवानगी द्या, असं कोणी सुचवेल. इतर ॲप्स आपण दोन मिनिटं उघडतो. तानपुरा तासभर लावतो. स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवला तरी तो वाजत असतो, आणि ॲप तशा पद्धतीने बनवलेलं असेल तर तो सगळा वेळ 'वापरताना'मध्येच धरला जातो. तोही रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत. मूल सकाळी सहाला कुठे असतं आणि मंगळवारी संध्याकाळी कुठे, ही माहिती कोणी न मागता जमत जाते. 2013 साली पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला होता. त्यात जागा आणि वेळ यांचे फक्त चार ठिपके 95 टक्के लोकांना गर्दीतून वेगळं ओळखायला पुरेसे ठरले. नाव-पत्ता काहीच नसताना.

हिंजवडीचा_डेव्हलपर
दुसरी बाजू मांडतो, कारण मी असली ॲप्स बनवतो. तुम्ही ते ॲप फुकट वापरताय. चांगल्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, तबल्याचा एकेक ठेका, सर्व्हर, याला पैसे लागतात आणि ते जाहिरातींतून येतात. लोकेशन असलेल्या जाहिरातीला जास्त भाव मिळतो. उद्या महिन्याला शंभर रुपये लावले तर याच ग्रुपवर "फुकटातलं दुसरं सुचवा" असा मेसेज पडेल. तांत्रिक कारणंही असतात. अँड्रॉइड 11 पर्यंत जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनचीच परवानगी घ्यावी लागायची. स्पीकर जोडण्याची सोय असलेली जुनी ॲप्स ती अजून मागतात, त्यात कट शोधू नका. आणि आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, गाव तसंही कळतंच.

षड्जपंचम
ब्लूटूथचं कारण असेल तर ते त्याच पानावर लिहावं, मी स्वतः परवानगी देईन. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे आणि ते येऊनही काही वर्षं झाली. आयपीवरून गाव कळतं म्हणता, माझ्या मोबाइल डेटावर ते कित्येकदा मुंबई दाखवतं. दाखवू दे. मुंबई आणि आमच्या सोसायटीचा जिना यात फरक आहे.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. शंभर रुपये मी देईन. पण तो पर्याय तुमच्या व्यवसायात देतं कोण?

बैठकवाला
मी धाग्याच्या विरोधात. पुण्यात सवाई गंधर्वला मंडप भरतो, पण एरंडवण्यात कोणाच्या हॉलमध्ये पन्नास माणसांची बैठक ठेवली तर वीस खुर्च्या रिकाम्या राहतात. गाणारा उत्तम असतो, ऐकायला आलेल्यांना आवडतंही, पण दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला पत्ताच नसतो. गाणं शिकणाऱ्या मुलाच्या घरी "आज तुमच्याजवळ अमुक गायन आहे" असं कळलं तर वाईट काय? मला तर हे हवंच आहे. प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघून आपण संगीताचंच नुकसान करतोय.

कर्वेरोड
@बैठकवाला, तुमची तळमळ पोचली, तुमच्या बैठकीला मी येईनही. पण त्यासाठी ॲपने एक चौकट द्यावी: "कुठल्या भागातले कार्यक्रम कळवू?" मी 'कोथरूड' लिहीन. कार्यक्रम कळेल आणि माझ्यामागे कोणी फिरणार नाही. तुम्हाला श्रोता हवाय, त्याचे अक्षांश-रेखांश नकोत.

सर्वांसाठी: सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्यांत जाऊन लोकेशन उघडा आणि 'अचूक' बंद करा. मग फोन साधारण तीन चौरस किलोमीटरचा अंदाज देतो. आपल्याकडे एवढ्यात एक अख्खं उपनगर मावतं, घर सापडत नाही. प्रायव्हसी डॅशबोर्ड असेल तर तोही बघा, कुठल्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते ओळीने दिसतं.

निवृत्त_बँकर
एवढा गहजब कशासाठी? तुम्ही कुठे आहात हे मोबाइल कंपनीला चोवीस तास माहीत असतं. लपवण्यासारखं नसेल तर भीती कसली? क्लासने सांगितलंय, बाई ओळखीच्या आहेत. विश्वास नावाची काही गोष्ट असते.

कलम_नऊ
साहेब, व्यवसायाने वकील आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. विश्वास बाईंवर आहे, ॲपवर नाही, आणि ॲपमध्ये बसवलेल्या जाहिरातवाल्यांना तर बाईही ओळखत नाहीत. मोबाइल कंपनी परवान्याखाली चालते, काही झालं तर कोणाला धरायचं ते ठाऊक असतं. ॲपमधून निघालेलं लोकेशन डेटा विकणाऱ्यांकडे जातं. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कोचावा नावाच्या अशाच कंपनीवर दावा लावला. तिने विकलेल्या माहितीवरून कोण कुठल्या दवाखान्यात, कुठल्या प्रार्थनास्थळी गेलं ते शोधता येतं, हा आरोप होता. त्या लोकांकडे लपवण्यासारखं काय होतं? आजारपण?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं. पुढे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम 6 नुसार संमती कामापुरत्याच माहितीला लागू होते. कायद्यातच उदाहरण आहे: दूरवैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने फोनमधले नंबर मागितले आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी ती संमती नंबरांना लागू होत नाही, कारण सल्ला द्यायला ते लागत नाहीत. तिथे तानपुरा ठेवून वाचा. कलम 9 मध्ये अठराखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे.

हिंजवडीचा_डेव्हलपर
कायदा मीही वाचलाय. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यात लागू होतात. शैक्षणिक संस्थांना सूटही आहे. आत्ताच कोणाला गुन्हेगार ठरवू नका.

कलम_नऊ
सूट आहे, ती शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. जाहिरातीचा भाव वाढवणं त्यात बसत नाही. आणि अठरा महिने दिलेत ते तयारीसाठी.

जुना_ऑडिओवाला
बोलून काही होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी. ध्वनी संपादनाचं ऑडॅसिटी इथे बऱ्याच जणांनी वापरलं असेल. 2021 मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं. वापराची माहिती गूगल आणि यांडेक्स या रशियन कंपनीमार्फत गोळा करायचा प्रस्ताव आला, लोक तुटून पडले आणि तो मागे घेतला गेला. जुलैमध्ये नवं धोरण आलं: आयपीवरून देश नोंदवणार, तेराखालच्या मुलांनी वापरू नये. पुन्हा ओरड झाली, माफी आली, मजकूर बदलला. काहींनी तर मूळ कोड उचलून स्वतःच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. तिथे प्रश्न फक्त देशाचा होता. इथे घराचा आहे.

हिंजवडीचा_डेव्हलपर
ऑडॅसिटीच्या मागे जगभरचे लोक होते, इथे पन्नास पालक आहेत. तरी एक मान्य करतो. 'नाही' म्हटल्यावर दारच बंद करणं चूक आहे. आमच्या ॲपमध्ये तसं नाही. पण लोकेशन पूर्ण काढा म्हणाल तर पगार कुठून द्यायचे, याचं उत्तर या धाग्यात अजून कोणी दिलेलं नाही.

षड्जपंचम
लोकेशन न घेताही जाहिरात दाखवता येते. तानपुरा लावणाऱ्याला तबल्याची, हार्मोनियमची, क्लासची जाहिरात दाखवा, त्याला पत्ता लागत नाही. भाव कमी मिळेल, मान्य. उरलेले पैसे आमच्याकडून मागा.

रविवारी पालकसभा आहे. परवानगी नाकारली तरी तानपुरा चालायला हवा, आणि तोवर रियाजाची नोंद वहीत चालावी, हे दोन मुद्दे लिहून नेतेय. ॲप कंपनीला क्लासच्या नावाने पत्र जावं, अशी विनंतीही करणार आहे.

निवृत्त_बँकर
पत्र पालकांच्या सह्यांनी पाठवा. बाईंना मध्ये ओढू नका, त्यांचा क्लास त्या ॲपवर चालतो. माझी नात तिथेच शिकते. मजकूर इथे टाका, पटला तर सही करेन.