मुंबई ते एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को विमानतळ) नक्की किती तास?

नमस्कार मंडळी,
आई जानेवारीत पहिल्यांदाच एकटी येतेय, मुंबईहून एसएफओला. नेटवर अंतर १३,५०० किलोमीटर दाखवतंय, विमान ताशी ९०० ने धरलं तर १५ तास झाले, मग तिकिटांवर २३, २६, कुठे ३० तास कसे काय? आणि दुबईवरून आणू की सिंगापूरवरून? दुबईच जवळ ना? तिचे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय.
– फ्रीमाँटहून

---

ताई, ते १३,५०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर सरळ दोरा ताणून मोजलेलं अंतर, आणि तो दोरा पार उत्तर ध्रुवाजवळून जातो. मुंबई ७३ पूर्व रेखांशावर, आपण १२२ पश्चिमेला, त्यामुळे पूर्वेकडून या नाहीतर पश्चिमेकडून, दोन्ही चालतं. दुबईवरून १,९०० अधिक १३,००० म्हणजे पंधरा हजाराच्या आसपास, सिंगापूरवरून ३,९०० अधिक १३,६००, साडेसतरा हजार. पण गंमत अशी की सिंगापूर-एसएफओ हा टप्पा दुबई-एसएफओपेक्षा लांब असूनही लवकर संपतो, साधारण १५ तास, दुबईहून १६ च्या आसपास. पॅसिफिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर जोरात, तो विमानाला मागून रेटतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-एसएफओ विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून आणलं, हजाराहून जास्त किलोमीटर वाढले तरी साडेचौदा तासांत पोचलं! परत जाताना मात्र हाच वारा तोंडावर.
– सनीव्हेल

---

वाऱ्याचं ठीक आहे हो, पण पृथ्वीसुद्धा फिरते ना पूर्वेकडे, त्याचा हिशोब कुठाय?
– मिलपिटासचा काका

---

काका, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर अंगणात उडी मारली की आपण शेजाऱ्याच्या ओट्यावर 🙂
– सनीव्हेल

---

अगं, किलोमीटर सोड, हॉल्ट बघ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, जानेवारीत फरक साडेतेरा तासांचा, म्हणजे पहाटे ४:३० ला निघून त्याच दिवशी दुपारी १:३० ला पोचली असं दिसलं तर ते नऊ तास नव्हेत, साडेबावीस आहेत. दीड तासाचा हॉल्ट स्वस्त पडला तरी घेऊ नकोस, पहिलं विमान लेट झालं की सगळं मुसळ केरात. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू देत. आणि नेवार्क-शिकागोवरून तर अजिबात नको, अमेरिकेत पहिल्यांदा उतरते तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उचलायच्या, परत टाकायच्या, एकट्या बाईला कशाला तो व्याप. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेव, लाजू नका.
– सॅन होजेची काकू

---

थँक्यू सगळ्यांना! दुबईचंच घेतेय, चार तासांचा हॉल्ट, एकूण साडेतेवीसच्या आत. सिंगापूरचा वारा कितीही चांगला असला तरी दुबईत हिंदी चालतं, आईने त्यावरच शिक्कामोर्तब केलं. व्हीलचेअरला नाही म्हणत होती, पण काकूंचा ईमेल वाचून दाखवला.
– फ्रीमाँट